साळिंदराचा आवाज

मे महिन्याच्या दुपारी अमरावतीच्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अशा दुपारी एक गृहस्थ गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून आमच्या स्टुडिओचा जिना चढून यायचे. दाराबाहेर चपला काढायचे, आत येऊन माइकसमोर क्षणभर मान झुकवायचे आणि मग एका साळिंदराच्या आवाजात ओरडायचे, "थांब ना बाप्पा, पाय दुखून राहिले माहे!"

आम्ही त्यांना सर म्हणायचो. अकोल्याच्या एका शाळेत मराठी शिकवून ते निवृत्त झाले होते.

स्टुडिओ म्हणजे एका कोचिंग क्लासच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. मालकाला सगळे दादा म्हणत. आवाज शोषून घेणारा फोम भिंतींना लावायचा तर फार खर्च येत होता, म्हणून दादाने पिंजाऱ्याकडून गाद्या भरून घेतल्या आणि त्याच उभ्या ठोकल्या. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा आणि एसी बंद ठेवावा लागे. त्या गाद्यांच्या खोलीत, त्या उकाड्यात, सर मफलर न काढता उभे राहत. घाम हनुवटीवरून टपकायचा. दादा म्हणायचा, "सर, सोडा ना तो मफलर, भोवळ येईल." त्यावर सर म्हणत, "गळा हे माझं वाद्य आहे, दादा. तुम्ही तबल्यावरचं आच्छादन उन्हात काढता का?"

लग्नाच्या व्हिडिओ पत्रिकेतलं गाणं, कपड्यांच्या दुकानाची जाहिरात, निवडणुकीच्या घोषणा, असली कामं आमच्याकडे यायची. मी तिथे शब्द जुळवायचं काम करत होते. मग मुंबईच्या एका कंपनीला परदेशी अॅनिमेशन सिनेमा मराठीत करायचा होता. त्यात नायक एक तरुण लांडगा आणि त्याच्या मागे मागे धापा टाकत येणारा त्याचा मित्र, एक लठ्ठ साळिंदर. मूळ इंग्रजीत ते साळिंदर कुठल्याशा खेड्याच्या हेलात बोलायचं, लोक हसावेत म्हणून. मराठीत त्याला वऱ्हाडी बोलायला लावा, असं कंपनीचं म्हणणं पडलं. लांडगा मुंबईत बोलणार होता आणि साळिंदर अमरावतीत. साळिंदराचे संवाद मी लिहिले. त्याचं नाव काट्या ठेवलं.

आवाज निवडायला आम्ही बऱ्याच जणांना बोलावलं. सर आले तेव्हा दारातूनच म्हणाले, "नमस्कार. आपण मला आवाजाच्या चाचणीसाठी पाचारण केलंत, आभारी आहे." दादा माझ्या कानात म्हणाला, "हे तं पुण्याचे वाटून राहिले. वापस पाठवू का?" पण सरांनी कागद हातात घेतला, डोळे मिटले, पोट पुढे काढलं आणि काट्या बोलायला लागला. दादाने हसू दाबायला तोंडावर हात ठेवला. मीही ठेवला. आमचं हसणं रेकॉर्ड झालं असतं ना.

तर हे सरांचं पहिलं विक्षिप्तपण. काट्या झाले की त्यांच्या तोंडून वऱ्हाडी वाहायची, आणि काट्या संपला की छापील पुस्तकातली मराठी. भाजीवाल्याशीसुद्धा ते "ही मेथी आजची आहे का?" असं बोलत. शाळेत त्यांच्या वर्गात कोणी "मले" म्हटलं की त्याला "मला, मला, मला" म्हणत बाकावर उभं राहावं लागे. एकदा त्यांचा एक जुना विद्यार्थी स्टुडिओत जाहिरात करून घ्यायला आला होता. त्याचं आता बियाण्यांचं मोठं दुकान आहे. काचेतून सरांना काट्या करताना पाहून तो थिजलाच. सर बाहेर आल्यावर म्हणाला, "सर, 'मले' म्हटलं म्हणून तुमी मले उभं केलं होतं. अन् आता तुमीच?"

"तो मी नव्हतो," सर शांतपणे म्हणाले, "तो काट्या होता. आणि बस. उभा काय राहिलास?"

अकोल्याहून ते रेल्वेने बडनेऱ्याला उतरत आणि तिथून ऑटोने अमरावतीला येत. रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळपासून माइकसमोर उभं राहीपर्यंत ते तोंडातून एक शब्द काढत नसत. ऑटोवाल्यांना खुणा करत. बडनेरा स्टेशनाबाहेर सगळे त्यांना मुके समजत. एक ऑटोवाला तर त्यांना जपून कोपऱ्यात बसवायचा आणि बाकीच्या सवाऱ्यांवर खेकसायचा, "सरका ना बे, बाबाले बोलता येत नाई, तुमाले आयकू बी येत नाई का?" एका संध्याकाळी परतताना नेमका तोच भेटला. सर मागून म्हणाले, "जरा सावकाश चालवाल का? रस्ता फार खराब आहे." त्याने करकचून ब्रेक मारला.

"बाबा! तुमी बोलता?"

"संध्याकाळी बोलतो," सर म्हणाले.

पुढे आम्हाला कळलं ते असं की स्टँडवर बातमी पसरली होती: बाबा सकाळी मुके जातात आणि संध्याकाळी बोलत येतात, अमरावतीत लय हुशार डॉक्टर भेटला त्यांना. दोघातिघांनी त्या डॉक्टरचा पत्ताही विचारला म्हणे. सरांनी तो गैरसमज दूर केला नाही. "लोकांचा वैद्यकशास्त्रावर विश्वास बसतोय, मी कशाला मोडू?" म्हणाले.

माइकसमोर ते नुसते बोलत नसत. काट्या पळाला की हे जागच्या जागी पळत. काट्या पडला की हे गुडघ्यांवर बसत आणि दादाला माइक खाली करावा लागे. काट्या अर्धा सिनेमा काहीतरी खात असतो. त्यासाठी सर घरून मुळे घेऊन येत. पहिल्या दिवशी दादाने माइकवरचे मुळ्याचे तुकडे पुसत विचारलं, "सर, खाल्ल्याचा आवाज आपण वेगळा टाकतो ना, काहून खराब करता?" सर म्हणाले, "तोंडात घास असताना माणूस वेगळं बोलतो. साळिंदरही बोलत असणार." आणि खरंच, ते कच्चा मुळा कराकरा चावत बोलायचे तेव्हा पडद्यावरचं ते परदेशी जनावर अगदी आपल्या बांधावरचं वाटायचं.

पहिला सिनेमा आला, पाठोपाठ दुसरा आला. लांडग्याचं कोणाला फारसं काही आठवत नाही, पण "पाय दुखून राहिले" हे सगळ्यांच्या तोंडी झालं. ट्यूशनला जाणारी पोरं सायकलवरून ओरडायची. लोक मोबाइलवर तेवढाच तुकडा एकमेकांना पाठवायचे. सरांना कोणी ओळखत नव्हतं. त्याचं त्यांना काही वाटतही नसावं, असं मला तेव्हा वाटे.

मग एका दिवाळीनंतर मुंबईच्या मॅडमचा फोन आला. या मॅडम डबिंगच्या दिग्दर्शिका. व्हिडिओ कॉलवरून आमचं रेकॉर्डिंग ऐकत बसायच्या आणि तिथूनच सूचना द्यायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "काट्याचा स्वतंत्र सिनेमा येतोय. स्पिन-ऑफ. तोच नायक."

सरांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले होते. "लांडगा?" त्यांनी विचारलं.

"एकाच प्रसंगात आहे, सर. तोही पाठमोरा."

"पाठमोरा," सर म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, "पाठमोरा," आणि हसत सुटले. ठसका लागेपर्यंत हसले. मग पाणी पिऊन सांगितलं की अकोल्याच्या हौशी नाटकांत त्यांनी उभ्या आयुष्यात नायकाच्या मित्राशिवाय दुसरं काम केलं नव्हतं. "मी बोलत असताना प्रेक्षक नायकाकडे बघायचे, बाई. माझ्या विनोदावर तो कसा हसतो ते बघायला."

मला ते 'बाई' म्हणत, फार खूश असले की 'लेखिकाबाई'.

सिनेमाचं काम सुरू व्हायला अवकाश होता. तेवढ्यात सरांनी अभ्यास आरंभला. बाजूच्या पात्राला उचलून नायक केलेले असले जेवढे सिनेमे सापडतील तेवढे त्यांनी स्टुडिओच्या संगणकावर पाहिले. मांडीवर डबा, डोळ्यांवर चष्मा आणि समोर कार्टून. एका दुपारी चष्मा काढून म्हणाले, "बाई, एक गंमत लक्षात आली का? हा जोवर मित्र असतो तोवर मनमुराद खातो, घाबरतो, खोटं बोलतो. याचा स्वतःचा सिनेमा झाला की पहिल्या वीस मिनिटांत याला शहाणा करून टाकतात. लोकांना दहा मिनिटं आवडलेला माणूस दीड तास आवडेल, यावर बनवणाऱ्यांचाच विश्वास नसतो."

"आपला काट्या तसा होणार नाही, सर," मी म्हणाले.

कंपनीच्या सूचना आल्या, त्या वाचून मी त्या दिवशी सरांना फोन केला नाही. सूचनेत लिहिलं होतं की काट्या आता मुख्य भूमिकेत आहे आणि सिनेमा भावनिक आहे, त्यामुळे त्याचे संवाद प्रमाण मराठीत असावेत. चवीपुरते दोनचार वऱ्हाडी शब्द चालतील.

सरांना शेवटी मॅडमनीच सांगितलं, कॉलवर. त्या वाईट नव्हत्या. अवघडून बोलत होत्या. "सर, त्या भाषेला लोक हसतात. ती सुरू झाली की हसायचं असतं, असं आपणच त्यांना दोन सिनेमांत शिकवलंय. इथे त्याची आई आहे, त्याचं घर आहे. रडण्याच्या ठिकाणी थिएटर हसलं तर सिनेमा गेला. कंपनी दुसरा आवाज बघू म्हणत होती, पण मला माहीत आहे तुमचं मराठी किती छान आहे ते."

सर "ठीक आहे" म्हणाले. कागद उचलला आणि काट्याची पहिली दोन पानं प्रमाण मराठीत वाचून दाखवली. आवाज तोच, उच्चार लख्ख. इतकं सुरेख वाचलं की मॅडम टाळ्या वाजवून म्हणाल्या, "सर, तुम्ही तर नायकच आहात!"

हा शब्द ऐकायला त्यांनी किती वर्षं वाट पाहिली असेल याचा मी अंदाज करत होते. सर बाहेर आले, दोन पेले पाणी प्यायले, चपला घातल्या आणि काही न बोलता जिना उतरून गेले. तेव्हा संध्याकाळ होती.

पुढचे काही दिवस ते नेमाने आले आणि ठरल्याप्रमाणे बोलले. मुळे आणले नाहीत. काट्या पळाला तेव्हा पळाले, पण पूर्वीसारखे नाही. दादा माझ्याकडे बघायचा, मी कागदाकडे. आईचा प्रसंग तेवढा राहिला होता. तो असा: काट्या लांडग्यासोबत जग फिरून कितीतरी वर्षांनी आपल्या बिळाशी परत येतो. आई म्हातारी झालेली, अंगावरचे बरेच काटे झडलेले. त्याच्या रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी सरांचा फोन आला, "लेखिकाबाई, उद्या रेकॉर्डिंग नको म्हणा. तुम्ही अकोल्याला या."

हिवाळा होता. मी पोचले तेव्हा काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, अंगणातल्या उन्हात सतरंजी टाकून तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. हिरव्या दाण्यांनी परात निम्मी भरली होती. मला म्हणाल्या, "ये वं पोरी, बस. सोले खा. कवळे हायेत." आतून सर आले ते कागद फडफडवतच.

"हे वाक्य वाचा, बाई. 'आई, मी परत आलो आहे. मला क्षमा कर.' तुम्ही लिहिलंय."

"तसं लिहायला सांगितलंय, सर."

"मला माहीत आहे. तुमचा दोष नाही." ते अंगणात फेऱ्या मारायला लागले. "पण मला सांगा, पहिल्या दोन्ही सिनेमांत हा त्या लांडग्यासमोर वऱ्हाडी बोलला. सगळ्या जंगलासमोर बोलला. आणि आता स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईसमोर हा पुस्तकातलं बोलणार? असं कोणाच्या घरी असतं का?"

"आपल्याच घरी असते," काकू म्हणाल्या. मान वर केली नाही. शेंग सोलणं चालूच.

सर थांबले. "म्हणजे?"

"म्हंजे काय? लगन करून या घरात आली तवापासून आयकून राहिली. तुमी घरात बोलता तं मले वाटते शाळा तपासाले सायेब आला. ताप आला तरी 'मला किंचित कणकण वाटते आहे.' आता कणकण का किंचित असते?" काकूंनी दाणे परातीत टाकले. "त्या जनावराच्या तोंडून बोलता तवा मी मोबाइल कानाले लावून आयकतो. तवा वाटते, हा आपला मानूस हाय."

मी सोले तोंडात टाकले आणि चावायचे विसरले. सरांनी हातातले कागद सतरंजीवर ठेवले. मग घरात गेले. बराच वेळ आले नाहीत. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण काकूंनी माझ्यापुढे शेंगांचा ढीग सारला आणि म्हणाल्या, "घे, हात चालव. येते तो."

सर खरंच आले. चेहरा धुऊन आले होते. सतरंजीच्या कडेला, काकूंच्या समोर बसले आणि एखादा विद्यार्थी विचारतो तसं त्यांनी विचारलं, "मला सांग, पोरगं इतक्या वर्षांनी घरी आलं, तर आई आधी काय म्हणेल?"

"काई म्हननार नाई," काकू म्हणाल्या. "आधी पाहीन. मंग इचारीन, काई खाल्लं का रे?"

"आणि तो?"

"तो खोटं बोलीन. म्हनीन, खाल्लं ना माय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून पेन काढलं. दुपार टळेपर्यंत आम्ही तिघं त्या प्रसंगावर बसलो. काकू सांगत, सर ते म्हणून बघत, मी पडद्यावरच्या तोंडांच्या उघडझापीत शब्द बसवत. काकूंना एखादं वाक्य पटलं नाही की त्या "अंहं" म्हणत आणि आम्ही पुढे जात नसू.

दुसऱ्या दिवशी मॅडम कॉलवर होत्या. सरांनी आधी प्रमाण मराठीतला प्रसंग दिला. मॅडम "ओके" म्हणाल्या. तेव्हा सर म्हणाले, "मॅडम, आणखी एक देतो. ऐका आणि वाटलं तर फेकून द्या."

मग ते गुडघ्यांवर बसले. दादाने न सांगता माइक खाली केला.

"माय वं... मी आलो."

पुढे पडद्यावर आई नुसती बघते. सर थांबले. त्या थांबण्यात त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. मग आईची वाक्यं मी कागदावरून हळू वाचली, त्यांना धागा मिळावा म्हणून. "काई खाल्लं का रे?"

"खाल्लं ना माय. लय खाल्लं." आणि मग, "उशीरच झाला वं जरासा."

नेमकं त्याच वेळी खालचा कोचिंग क्लास सुटला. शंभर गाड्या एकदम सुरू झाल्यासारखा गलका उठला आणि एक बुलेट भडभडत निघून गेली. दादाने कपाळावर हात मारला. सरांनी पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं, पण पहिल्यासारखं झालं नाही, हे सगळ्यांना कळत होतं. मॅडमनी कॅमेरा कधी बंद केला होता कोण जाणे, नुसता आवाज आला. "दादा, ती पहिलीच ठेवा. गाडीचा आवाज काढता येईल तेवढा काढा. मी कंपनीशी बोलते."

कंपनीने आठवडाभर उत्तर दिलं नाही. मग कळवलं की तेवढा एक प्रसंग वऱ्हाडीत राहू द्या, प्रयोग म्हणून. थिएटरात लोक हसले तर पुढे मोबाइलवर येणाऱ्या प्रतीत बदलून टाकू. बाकी सिनेमा आहे तसाच प्रमाण मराठीत. आईची वाक्यंही मग मुंबईत वऱ्हाडीत करून घेतली.

पहिल्या दिवशीच्या खेळाला आम्ही अमरावतीत गेलो. सर, काकू, दादा आणि मी. लेकरांनी थिएटर भरलं होतं. एसीची थंडी काकूंना सोसवेना. त्यांनी सरांच्या गळ्यातला मफलर सरळ काढून घेतला आणि स्वतःच्या कानांना गुंडाळला. सरांनी विरोध केला नाही. सिनेमा सुरू झाला. शुद्ध बोलणाऱ्या काट्याला बघून आमच्या पुढच्या रांगेतल्या एका मुलीने आईला विचारलं, "मम्मी, हा काट्या नाही ना?" मला सरांकडे बघवेना.

मग बीळ आलं. म्हातारी साळिंदरीण आली. काट्या म्हणाला, "माय वं... मी आलो."

आणि थिएटर हसलं.

मोठं, मोकळं हसणं. शेवटी एकदाचा आपला काट्या बोलला, म्हणून हसली असतील लेकरं. एका मुलाने मागून "माय वंऽऽ" अशी नक्कल केली, त्यावर आणखी हसले. सरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. ते पडद्याकडे बघत नव्हते, आपल्या गुडघ्यांकडे बघत होते.

तेवढ्यात काकू उठल्या. कानाला मफलर तसाच. मागे वळून साऱ्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चूप बसा ना बाप्पा! मायलेकराचं चालू हाय, दिसत नाई का?"

थिएटर चूप झालं. पडद्यावर आईने विचारलं, "काई खाल्लं का रे?" कोणी हसलं नाही. "खाल्लं ना माय. लय खाल्लं." कोणी हसलं नाही. काट्यांमुळे दोघांना एकमेकांना कवेत घेता येत नाही, म्हणून ते नाकाला नाक लावतात. "उशीरच झाला वं जरासा." पुढच्या रांगेतली ती मुलगी आईच्या मांडीवर चढून बसली. कुठेतरी मागे कोणी नाक ओढलं. काकू केव्हाच खाली बसल्या होत्या.

बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पार्किंगमध्ये दादा गाडी काढायला गेला आणि सर काकूंच्या समोर उभे राहिले.

"एक सांग मले," ते म्हणाले. "माह्या आवाजानं चूप झाले का तुह्या ओरडण्यानं?"

मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. काकूंनी पाहिलं नाही. त्या मफलराची घडी घालत होत्या.

"मले काय माहीत," त्या म्हणाल्या. "तुमीच पाहा."

हा वाद त्या दोघांत अजून मिटलेला नाही. सरांचं म्हणणं असं की तिने मध्ये तोंड घातल्यामुळे आपल्या अभिनयाची परीक्षाच झाली नाही. काकूंचं म्हणणं असं की परीक्षा झाली असती तर नापास झाले असते. कंपनीकडे दुसऱ्या गावांतून काय बातम्या गेल्या ते आम्हाला नीट कळलं नाही. मॅडम म्हणाल्या, कुठे हसले, कुठे नाही. तो प्रसंग मात्र बदलला गेला नाही. आजही मोबाइलवर तो तसाच आहे. नीट कान दिला तर 'उशीरच झाला'च्या मागे एक बुलेट पुसट ऐकू येते.

आता काट्याचा दुसरा सिनेमा येतो आहे. पहिला बरा चालला, म्हणून या वेळी काट्याला मराठीतला एक नावाजलेला नट आवाज देणार आहे. जाहिरातीत चेहरा दाखवता येतो ना. सरांसाठी मॅडमनी भांडून एक काम ठेवलं आहे. नव्या सिनेमात काट्याला एक मित्र दिला आहे, एक जाडा बेडूक. तो वऱ्हाडी बोलणार.

हे सरांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. फोनवर सांगवेना, म्हणून गेल्या महिन्यात मी अकोल्याला गेले. गाडीत मी वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. काकू आत चहाचं आधण ठेवत होत्या.

सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "नट चांगला हाय तो. त्याले एक निरोप दे माहा. काट्या पळाच्या आधी श्वास सोडते, मंग पळते. घेऊन पळत नाई. एवढं सांगजो."

"सांगते, सर."

"लिहून दे पाहिजे तं. ते लोक इसरतात."

मी मान हलवली. मला त्यांच्या तोंडाकडे बघायचं धैर्य होत नव्हतं. मग त्यांनी हात पुढे केला. "दाखव."

"काय?"

"बेडूक."

मी मोबाइलवर चित्र उघडून दिलं. त्यांनी चष्मा लावला. हिरवा-मातकट, पसरलेला, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, गळा फुगलेला. सरांनी चित्र मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं.

"दमेकरी हाय हा," ते म्हणाले. "रातभर झोपत नसन. याची बायको कुठी असते?"

"सर, त्याला बायको नाहीये. सगळ्या सिनेमात त्याची मोजकी वाक्यं आहेत."

"असू दे. सिनेमात नसन. असन तं खरी कुठंतरी." त्यांनी मोबाइल मला परत दिला, पाठ सरळ केली आणि हनुवटी आत ओढून गळा फुगवायला लागले. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. मग एक खोल, ओला, घरघरता आवाज आला, जो मी त्यांच्याकडून कधीच ऐकला नव्हता. "राम राम, काट्याभाऊ. आज लय दमट हाय नाई हवा?" त्यांनी मान वाकडी केली, समाधान झालं नाही. पुन्हा केलं. या वेळी वाक्याच्या मध्येच दम लागला, आणि तिथे तो बेडूक जिवंत झाला.

तेवढ्यात काकू ट्रे घेऊन बाहेर आल्या. ट्रेमध्ये चार कप होते. अंगणात त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, फाटकापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पाव्हना कुठी गेला वं? आत्ता तं बोलून राहिला होता."